जिताड्यासाठी फ्लायची गाठ: फाशाची, चार वेढ्यांची आणि नीट बसवलेली

रत्नागिरीहून एका तरुणाने विचारलंय: ‘काका, भाट्ये खाडीत फ्लाय रॉडने जिताडा गरवतो. आठ नंबरची काठी, पुढे ४० पौंडी फ्लोरोकार्बन, त्याला १/० गळावरची क्लाउझर. गेल्या दोन उधाणांत तीनदा मासा लागला आणि तिन्ही वेळा फ्लाय घेऊन गेला. तंगूस मध्ये कुठे तुटलेलं नाही. टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं येतं. गाठ इम्प्रूव्ह्ड क्लिंच, सात वेढे. आता तंगूस ६० पौंडी घेऊ का? की गाठीवर फेव्हिक्विकचा थेंब टाकू?’ (नव्या वाचकांसाठी: फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष, क्लाउझर हा तिचाच एक प्रकार. तंगूस म्हणजे गळाला बांधायचा प्लास्टिकचा धागा, ४० पौंडी म्हणजे साधारण ४० पौंड ओढ पेलणारा. फ्लोरोकार्बन हा त्याचा एक प्रकार. १/० हे गळाचं माप. क्लिंच म्हणजे टोक मुख्य तंगुसाभोवती गुंडाळून गळाच्या नेढ्यावर आवळायची गाठ.)

आधी तुला शाबासकी देतो, कारण तू ते टोक नीट बघितलंस. मासा गेला की बहुतेक जण चरफडत टोक कापतात, पाण्यात टाकतात आणि घाईघाईने नवी फ्लाय बांधतात. मासा कशाने गेला हे सांगणारा एकच पुरावा असतो, तो ओहोटीबरोबर निघून जातो. त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा तेच घडतं.

टोक गुंडाळी होऊन आलं म्हणजे गाठ सरकली. वेढे एकेक करून उलगडत गेले, शेवटी तंगूस गळाच्या नेढ्यातून निघून आलं आणि वेढ्यांचा पीळ अंगावर घेऊनच परत आलं. टोक पांढुरकं, चेपलेलं, थोडं ताणून बारीक झालेलं असेल तर गाठ कोरडी ओढली गेली आणि तंगूस स्वतःच्याच घर्षणाने भाजलं. टोकाच्या वरचा वीतभर भाग बोटाला खरखरीत लागला तर कालवं, खडक किंवा तिवराची मुळं. आणि तिरकस, स्वच्छ काप असेल तर एखादी धारदार कड लागली. जिताड्याला कापणारे दात नसतात, त्याच्या तोंडात ब्रशसारखे बारीक दात असतात, ते घासतात. पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी तीक्ष्ण असते की मासा सोडवताना तिथे बोट गेलं तर रक्त येतंच. तुझं टोक यातलं पहिलं आहे. तिन्ही वेळा तेच आलं, म्हणजे हा योगायोग नाही.

आता हिशेब कर. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो, काठोकाठ भरलेली मोठी बादली. आठ नंबरच्या काठीने ती बादली उचलायचा विचार तरी करशील का? काठी पुरती वाकवूनही दोन-तीन किलोंच्या वर ओढ देणं कठीण जातं. लाइन, म्हणजे तंगुसाच्या मागची जाड फ्लायची दोरी, हातात धरून झटका मारलास तर थोडी जास्त. म्हणजे तुझी गाठ तंगुसाच्या निम्म्या ताकदीची असती तरी ९ किलो पेलली असती आणि मासा हातात आला असता. तंगुसाची ताकद तुला कधीच कमी पडली नाही. म्हणून ६० पौंडी घेऊन काही मिळणार नाही. उलट तीच अडचण आणखी वाढेल. ती कशी, ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की गाठींची चित्रं पाठ करत बसावं लागत नाही.

मालवणच्या किंवा हर्णैच्या बंदरावर होडी बांधताना बघ. दोर खुंटाला तीन वेढे मारला की एक पोरगा दोन बोटांनी टोक धरून भरलेली होडी थोपवतो. एक वेढा असेल तर चार माणसं लागतात. प्रत्येक वेढ्यागणिक पकड नुसती वाढत नाही, ती पटीत वाढते. गाठीत हेच घडतं. पण एक अट आहे, वेढा खुंटाला घट्ट लागलेला पाहिजे. सैल वेढे दहा असले तरी दोर सरसर सरकतो.

जाड तंगूस ताठ असतं. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळापट. ताकद मात्र जाडीच्या वर्गाने वाढते. म्हणून २० पौंडावरून ४० पौंडावर गेलास की ताकद दुप्पट मिळते आणि ताठपणा जवळपास चौपट होतो. क्लिंच ही बारीक तंगुसाची गाठ आहे. आठ-दहा पौंडी नायलॉनवर सात वेढे मारले की ते लोण्यासारखे एकमेकांवर बसतात. ४० पौंडी फ्लोरोकार्बनवर तेच सात वेढे म्हणजे स्प्रिंग. तू ओढतोस, ती आवळल्यासारखी दिसते, पण आत वेढ्यांमध्ये हवा राहते. हाताने ओढून बघितलंस तेव्हा धरली, कारण हाताला तंगूस कापतं आणि आपण चार-पाच किलोंवरच थांबतो. जिताड्याने पहिली उडी मारून डोकं झटकलं की एक वेढा सरकतो आणि मागोमाग बाकीचे. अशा वेळी गडी आठवा वेढा मारतो. त्याने गाठ आणखीच बसत नाही. जाड तंगुसाला वेढे कमी लागतात, हे नवशिक्याला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

म्हणून क्लिंच सोडून दे. जिताडा आणि तांबोशीसाठी तुला जी गाठ पाहिजे ती फाशाची आहे. इंग्रजीत तिला नॉन-स्लिप लूप म्हणतात. अमेरिकेतले लेफ्टी क्रे (१९२५ ते २०१८) यांनी ती जगभरच्या खाऱ्या पाण्यातल्या फ्लायवाल्यांना शिकवली, म्हणून काही जण तिला त्यांच्या नावानेही ओळखतात. हिचा फासा नेढ्यावर आवळला जात नाही, मोकळा राहतो, आणि ताण आला तरी मिटत नाही.

मोकळा फासा का पाहिजे, ते तुझ्या फ्लायकडे बघ म्हणजे कळेल. क्लाउझर ही बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्वेनियातल्या सस्क्वेहाना नदीच्या बास माशासाठी बांधली. गोड्या पाण्यातली, थंड देशातली वस्तू. ती आपल्या खाडीत चालते त्याचं कारण डोक्याशी बांधलेले धातूचे डोळे. लाइन ओढली की ती वर उठते, थांबलास की डोकं खाली घालून बुडते, हुबेहूब घाबरलेल्या सुंगटासारखी, म्हणजे कोळंबीसारखी. जिताडा बहुतेक वेळा त्या बुडण्यावरच घेतो. आता नेढ्यावर ४० पौंडी ताठ तंगूस घट्ट आवळलंस तर जणू फ्लायच्या नाकात काडी खुपसली. ती डोकं खाली घालूच शकत नाही, आडवी लोंबकळत येते. तुझी गाठ न सरकती तरी तुला मासे कमीच लागले असते. फाशात ती बिजागरीवर असल्यासारखी हलते.

आता गाठ. हे वाचताना हातात दोरी घे, नुसतं वाचून काही उपयोग नाही. आधी तंगूस नकोच. पायजम्याची नाडी किंवा सुताची दोरी घे आणि दाराच्या कडीला नेढं समज.

मोकळ्या टोकापासून वीतभर अंतरावर एक साधी गाठ मार, आपण पुडीच्या दोऱ्याला मारतो तशी पहिली अढी. ती आवळू नकोस, करंगळीएवढी उघडी ठेव. आता टोक कडीतून ओवून परत आण आणि त्या उघड्या अढीतून घाल. इथे पहिली चूक होते, म्हणून सावकाश बघ. अढीतून टोक ज्या बाजूने बाहेर आलं होतं, त्याच बाजूने ते परत आत गेलं पाहिजे. दुसऱ्या बाजूने घातलंस तर गाठ दिसेल तशीच, पण वेडीवाकडी बसेल आणि कमजोर राहील. माझ्याकडे शिकायला आलेल्या दहांपैकी सात जण इथेच चुकतात आणि मग म्हणतात की ही गाठ काही भरवशाची नाही.

टोक अढीतून आलं की दोन्हीकडचं तंगूस हळूहळू ओढत अढी नेढ्याच्या जवळ आण. फासा केवढा राहणार ते इथे ठरतं, नंतर बदलता येत नाही. चवळीच्या दाण्याएवढा ठेव. मोठा ठेवलास तर फेकताना फ्लाय उलटून गळ त्याच फाशात अडकतो आणि मग ती तासभर शेपटीकडून पोहत राहते, तुला पत्ताही लागत नाही.

आता टोक मुख्य तंगुसाभोवती गुंडाळ. किती वेळा, ते जाडीवर. आठ पौंडांपर्यंत सात वेढे, आठ ते बारा पौंडांना पाच, पंधरा ते चाळीस पौंडांना चार, पन्नास-साठ पौंडांना तीन. तुझ्या ४० पौंडीला चार. वेढे शेजारी-शेजारी पडू देत, एकावर एक चढू देऊ नकोस. शेवटी टोक परत त्याच अढीतून घाल, पुन्हा त्याच बाजूने, जिथून ते निघालं होतं. झाली गाठ. म्हणजे गुंफण झाली. गाठ अजून व्हायची आहे.

माझे वडील देवबागला होडीवरून गरी टाकायचे. त्या गळांना नेढं नसायचं, दांड्याचं डोकं ठोकून चपटं केलेलं असायचं आणि तंगूस दांड्यावरच वेढे घालून बांधायचं. मी आठ-दहा वर्षांचा असताना भराभर गळ बांधून दाखवायची मला हौस होती. त्यांनी एक गळ उचलला, नखाने वेढा सरकवून दाखवला आणि म्हणाले, “गाठीक थुकी लाय, मगे ओढ. घाय कोणाक आसा?” कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या ओढीत, त्यांच्या गाठी रात्ररात्र टिकायच्या. मी आज वापरतो ती गाठ त्यांनी कधी बघितली नाही. पण बसवायची रीत त्यांचीच आहे.

थुंकी का, तर तंगूस तंगुसावर दाबून सरकताना गरम होतं. नायलॉन आणि फ्लोरोकार्बन दोन्ही प्लास्टिक आहेत आणि फ्लोरोकार्बन या भाजण्याला जास्त हळवं. कोरडं ओढलं की आतल्या आत पृष्ठभाग खरवडला जातो, अंग पांढुरकं पडतं, तंगूस शेवग्याच्या वाळल्या सालीसारखं कुरळं होतं. तिथे त्याची निम्मी ताकद गेली तरी बाहेरून फार कळत नाही. ओलं असलं की वेढे सरकतात आणि थंड राहतात. गाठ तोंडात धरून ओली कर. फ्लायला शेवाळ किंवा खाडीचा चिखल लागलेला असेल तर बाटलीतलं गोडं पाणी घाल. खाडीच्या पाण्यात बुडवू नकोस, त्या पाण्यात बारीक रेती असते आणि रेतीचा एक कण गाठीत अडकला तर तो आत बसून तंगूस कापत राहतो.

आता ओढ, पण टप्प्याने. आधी नुसतं मोकळं टोक ओढ, म्हणजे वेढे एकत्र येऊन सैलसर गोळा होतील. मग टोक सोडून दे. एका हातात फ्लाय, दुसऱ्या हातात मुख्य तंगूस, आणि हळूहळू, झटका न देता ताण. वेढे एकमेकांवर चढायला लागले तर थांब, नखाने सारखे कर, पुन्हा ओलं कर, पुन्हा ओढ. शेवटचा ताण हाताने नीट येत नाही. ४० पौंडीला तर येतच नाही. गळाच्या वाकणात पकड घाल, तंगूस हाताला फडका गुंडाळून धर आणि एकसारखी घट्ट ओढ दे. गाठ बसते तो क्षण बोटांना कळतो. सरकणं संपतं, गाठ आकसते आणि रंग जरा गडद, काचेसारखा होतो. त्या क्षणापर्यंत गेला नाहीस तर ते उरलेलं काम मासा करतो, आणि तो झटक्याने करतो. तुझे तीन मासे तिथेच गेले.

मोकळं टोक दोन मिलिमीटर ठेवून काप. अगदी गाठीलगत कापू नकोस. या गाठीचं टोक फ्लायकडे तोंड करून राहतं, त्यामुळे शेवाळ किंवा तिवराची पानं त्यात फारशी अडकत नाहीत. कापलेले तुकडे खिशात टाक, वाळूत नको. वेळासपासून तांबळडेगपर्यंत आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण नियम वाचून कळतात पण अंगी मुरत नाहीत. कालावल खाडीत खारभूमीच्या बांधाला एक जुनी उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, आहे. सुकती लागली की खाजणातलं पाणी तिथून धारेने बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं आणि बारीक बोयटं येतात आणि जिताडा त्या धारेच्या कडेला तोंड वर करून उभा राहतो. मला ती जागा ठाऊक होती, वेळ ठाऊक होती. दिवस कलला होता. पाण्यात लागोपाठ तीन फट्-फट् आवाज झाले, मोठा मासा वरून घेतो तेव्हा होतो तसा. माझी फ्लाय नुकतीच कालवांत अडकून गेली होती. मी दुसरी बांधली, हात थरथरत होते, ओली केली नाही, एकदा ओढली आणि फेकली. दुसऱ्याच फेकीत त्याने घेतली. पाण्याबाहेर पुरता आला, हाताएवढा लांब, संध्याकाळच्या उजेडात पिवळट तांबूस डोळा चमकला, आणि लाइन सैल पडली. टोक पांढरं, कुरळं, चिमटल्यासारखं. माझी फ्लाय त्याच्या ओठाला राहिली. त्या वेळी मला माशापेक्षा त्याच्या तोंडातल्या गळाची जास्त चुटपुट लागली. तेव्हापासून मी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो, आणि गाठ बसवताना पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. मासे कितीही उडोत, गाठ बसेपर्यंत तिकडे बघायचं नाही. तूही तसंच कर. एक गाठ नीट बसवायला दीड मिनिट लागतं, आणि उघाडीवरचा मासा दीड मिनिटात कुठे जात नाही. सुकती तासन्‌तास चालते.

नेढ्याबद्दल थोडं, कारण तिथे कोणी बघत नाही. फ्लाय बांधताना डोक्यावर लावलेलं वार्निश किंवा रेझिन नेढ्यात शिरून वाळतं आणि त्याची कड करवतीसारखी होते. बांधण्याआधी जुन्या गळाच्या टोकाने किंवा दाभणाने नेढं साफ कर. नेढ्याची तार जिथे येऊन मिटते तिथे फट आहे का बघ, स्वस्त गळांत असते. फट असेल तर तो गळ जिताड्याला वापरू नकोस. आणि आपल्या हवेत गंज. खाडीवरून आल्यावर फ्लाया गोड्या पाण्यात विसळून वाळवल्या नाहीत तर आठवड्यात नेढ्याच्या आतल्या बाजूला तांबेरा धरतो. तो गंज बाहेरून दिसत नाही, पण फासा त्यावर दिवसभर घासत असतो.

तंगुसाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणून घ्या असं दुकानदार म्हणतो. त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास आहे आणि पाण्याचा १.३३, नायलॉनचा त्याहून बराच जास्त, त्यामुळे स्वच्छ पाण्यात ते खरंच कमी दिसतं. पण पावसाळ्यानंतरच्या भाट्ये खाडीच्या पाण्यात तुझा स्वतःचा पाय गुडघ्याखाली दिसत नाही, तिथे या गुणाचा काय उपयोग? फ्लोरोकार्बन घ्यायचं ते घासायला चिवट आहे म्हणून, आणि पाणी शोषत नाही म्हणून. नायलॉन पाणी पितं आणि भिजलं की काहीसं कमजोर होतं. त्याबदल्यात ते मऊ असतं, गाठ सहज बसते. फ्लोरोकार्बन जड असल्याने बुडतं, म्हणून वर तरंगणाऱ्या गर्गलरसारख्या फ्लायला मी जाड नायलॉनच बांधतो, नाहीतर तिचं नाक पाण्यात ओढलं जातं. कुठलंही असो, उन्हात गाडीच्या काचेपाशी रीळ ठेवू नकोस. मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते आणि ऊन नायलॉनचा जीव हळूहळू काढतं.

४० पौंडीच का, हाही प्रश्न स्वतःला विचार. कालवांनी भरलेल्या खडकाजवळ आणि तिवराच्या मुळांत तांबोशी धरायची असेल तर ४० पाहिजे, ती घेतल्याबरोबर बिळाकडे पळते. उघड्या वाळूच्या पात्रात, मोकळ्या धारेत जिताड्यासाठी ३० पौंडी पुरतं, आणि त्यावर गाठ खूपच चांगली बसते. रावसासाठी मी २० वर येतो.

बाकीच्या गाठींची नावं तू ऐकली असशील. पॅलोमार बळकट आहे, पण तिच्यात अख्खी फ्लाय फाशातून काढावी लागते, १/० ची केसाळ क्लाउझर काढताना पिसं मोडतात आणि लीडरही, म्हणजे लाइनच्या पुढचं तंगूसही, बराच खर्च होतो. नुसता गळ किंवा जिग बांधायचा असेल तेव्हा ती वापर. डेव्ही गाठ बारीक टिपेटला, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्याला, गोड्या पाण्यातल्या लहान फ्लायला सुरेख. युनी मात्र शिकून ठेव. ती नेढ्यावर घट्ट करता येते, थोडी मोकळी ठेवून फासाही करता येतो, फक्त मासा लागला की तो फासा मिटतो. दोन तंगुसं जोडायला दुहेरी युनी लागतेच. अंधारात, वाऱ्यात, हात गारठलेले असताना मला फाशाची गाठ जमली नाही तर मी युनी मारतो, ४० पौंडीला चार वेढे. पण दोन गाठींच्या पलीकडे जाऊ नकोस. मोबाईलवर रोज नवी गाठ येते. प्रत्येक नवी गाठ तुझ्या बोटांना पहिल्या दिवसावर नेऊन ठेवते.

माझं म्हणणं पटत नसेल तर घरी ताडून बघ. हातभर ४० पौंडी तंगूस घे. एका टोकाला जुन्या गळावर तुझी सात वेढ्यांची क्लिंच, दुसऱ्या टोकाला तशाच गळावर चार वेढ्यांचा फासा. गळांची टोकं आधी कापून टाक. डोळ्यांवर चष्मा घाल, हे विसरू नकोस, सुटलेला गळ गोळीसारखा येतो. एक गळ खिडकीच्या गजाला अडकव, दुसरा पकडीत धर आणि सावकाश मागे जा. कुठली गाठ आधी जाते ते बघ. एकदा करून थांबू नकोस, दहा वेळा कर आणि प्रत्येक वेळी टोक बघ. मग त्यात फासा ओला करून पाच आणि कोरडा पाच असंही करून बघ. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा मिळाला तर किलोही कळतील. मी हे पावसाळ्यात करतो. जून-जुलैमध्ये समुद्र बंद असतो, खाडी गढूळ लाल वाहते, ओटीवर बसून रोज दहा गाठी. नारळी पौर्णिमेपर्यंत बोटं आपोआप चालतात, आणि अंधारात बांधताना डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

गाठ बसली म्हणून दिवसभर टिकेल असं धरू नकोस. प्रत्येक माशानंतर, आणि प्रत्येक वेळी फ्लाय कालवांत अडकून सुटली की, शेवटचं वीतभर तंगूस ओठांवरून फिरव. बोटांपेक्षा ओठांना खरखर लवकर कळते. किंचित जरी लागली तर काप आणि नव्याने बांध. काही लागलं नाही तरी भरतीची सुकती झाली, म्हणजे पाणी फिरलं, की मी एकदा गाठ बदलतो. फासा नेढ्यावर एकाच जागी घासून तिथे चपटा होतो, ते नुसतं बघून समजत नाही. म्हणून लीडर घेताना एक हात जास्तच घे, दिवसात सात-आठ वेळा वीत-वीत कापला जाणार हे धरून.

राहिला फेव्हिक्विकचा प्रश्न. लाइन आणि लीडरच्या जोडावर काही जण असा थेंब टाकतात, तिथे त्याला अर्थ आहे. इथे टाकू नकोस. तो वाळला की गाठीच्या तोंडाशी तंगूस काडीसारखं कडक होतं आणि वाकायचं ते नेमकं त्या कडेवर वाकतं. ओघळ फाशात उतरला तर बिजागरी गेलीच. आणि जी गाठ नीट बसलेली नाही ती थेंबामुळे बसल्यासारखी घट्ट लागते, म्हणजे तू ओढून बघशील तेव्हा ती तुला फसवेल आणि मासा ओढेल तेव्हा सुटेल. ६० पौंडी तंगूस दुकानात राहू दे. येत्या उधाणाला ३० पौंडी लाव, चार वेढे, पकडीने बसव. आणि तरीही फ्लाय गेली तर टोक कापू नकोस, उजेडात धरून जवळून फोटो काढ आणि मला पाठव, ते बघूनच पुढचं सांगता येईल.